शिष्यवृत्ती, नियत आणि पाखरांचा हक्क

इराणातील तूस या गावी अकराव्या शतकात लोकर कातून पोट भरणारा एक मनुष्य राहत असे. तो स्वतः निरक्षर होता, परंतु आपल्या दोन मुलांनी विद्वान व्हावे ही त्याची तळमळ होती. मृत्यू समीप आला तेव्हा त्याने तुटपुंजी शिल्लक आणि दोन्ही मुले एका सूफी मित्राच्या स्वाधीन केली. काही काळाने ते पैसे संपले. मित्राने मुलांना जवळ बसवून सांगितले की, मी स्वतः फकीर, तुमचा निर्वाह माझ्याने होणे नाही. तुम्ही मदरशात नाव घाला, तेथे विद्यार्थ्यांच्या जेवणखाणाची सोय असते. मुले मदरशात गेली. त्यांतील थोरला म्हणजे इमाम अबू हामिद गझाली (रह.). या प्रसंगाकडे वळून पाहताना इमाम साहेबांनी मान्य केले की, विद्येकडे आपले पाऊल वळले ते अल्लाहच्या प्रसन्नतेसाठी नव्हे, भाकरीसाठी. पुढे विद्येनेच त्यांना भाकरीपाशी थांबू दिले नाही.

आजच्या भाषेत सांगायचे तर 'इह्याउ उलूमिद्दीन'चा कर्ता शिष्यवृत्तीधारक होता, आणि शिष्यवृत्तीसाठीच शाळेत गेला होता.

या हकिकतीची आठवण होण्यास कारण घडले ते नवी मुंबईतील एका विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे. वन्यजीवशास्त्रात उच्च शिक्षण घेण्याची तिची इच्छा आहे. त्यासाठी शिष्यवृत्ती हवी, आणि शिष्यवृत्तीच्या अर्जासोबत निबंध हवा: तुमचे ध्येय कोणते, तुम्हाला प्रेरणा कोणाची, समाजाच्या कोणत्या प्रश्नाची तुम्हाला चिंता वाटते? तिने प्रेरणास्थान म्हणून डॉ. सालिम अली यांचे नाव लिहिले आणि चिंता म्हणून नेरुळच्या फ्लेमिंगोंविषयी लिहिले. नंतर तिच्या मनाला टोचणी लागली. फ्लेमिंगो इतक्या तीव्रतेने आठवले ते अर्ज भरताना. एरवी बसच्या खिडकीतून पाहून ती पुढे जात असे. मग ही चिंता खरी की विकाऊ? हा रिया, म्हणजे दिखावा, ठरत नाही काय?

प्रश्न वरवरचा नाही. सहीह मुस्लिममधील एका हदीसनुसार, कियामतच्या दिवशी ज्यांचा निवाडा आधी होईल त्यांत एक विद्वान, एक दानशूर आणि एक रणांगणात प्राण देणारा असेल, आणि तिघेही नरकात ढकलले जातील. कारण तिघांनीही जे केले ते लोकांनी वाहवा करावी म्हणून. लोकांची वाहवा त्यांना मिळालीही, त्यामुळे हिशेब चुकता झाला. ही हदीस ठाऊक असलेल्या मुलीने निबंधातील स्वतःच्याच वाक्यांकडे संशयाने पाहावे, हे तिच्या घरातील संस्कारांना शोभणारेच आहे.

तथापि गरजेला दिखावा म्हणणे हा अन्याय होय. अल्पसंख्याक समाजातील संशोधकांसाठी असलेली मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप २०२२-२३ पासून बंद झाली. मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती त्याच वर्षापासून नववी-दहावीपुरती उरली. अशा काळात सामान्य उत्पन्नाच्या कुटुंबातील मुलीने मिळेल त्या दाराशी अर्ज घेऊन उभे राहावे, यात लाज वाटण्याजोगे काही नाही. दिव्य कुरआनने हजच्या यात्रेतही आपल्या पालनकर्त्याची कृपा, म्हणजे उपजीविका, शोधण्यास मुभा दिली आहे (सूरह अल-बकरा, आयत १९८). अरफातकडे निघालेल्या मनुष्याच्या गाठोड्यात विक्रीचा माल असू शकतो आणि तरीही त्याची हज ही हजच राहते. इमाम गझालींनी याच उदाहरणाचा आधार घेऊन संमिश्र नियतीचा विचार केला आहे. मनात दोन हेतू असतील तर त्यांतील कोणता बलवान, कोणता दुसऱ्याला ओढून नेतो, हे पाहावे लागते. व्यापार नसता तरी तो हजला निघाला असता काय? शिष्यवृत्ती नसती तरी ती पाणथळीकडे वळली असती काय? याचे उत्तर अर्ज भरताना मिळत नाही. अर्ज नामंजूर झाल्यावर मात्र ते मिळू शकते.

आणि शंका आली म्हणून काम सोडून द्यावे, हाही मार्ग नव्हे. फुजैल बिन इयाज (रह.) यांनी बजावले आहे की, लोक काय म्हणतील या भयाने सत्कर्म टाकून देणे हाही दिखाव्याचाच प्रकार आहे. स्वतः गझालींच्या आयुष्यात ही परीक्षा अत्यंत कठोर रूपाने आली. बगदादच्या निजामिया मदरशातील अध्यापकपद, त्या काळातील सर्वोच्च मान, त्यांनी १०९५ मध्ये सोडले, कारण आपल्या अध्यापनामागे कीर्तीची लालसा आहे असे त्यांना दिसून आले. मात्र सुमारे अकरा वर्षांनी ते नीशापूरमध्ये पुन्हा शिकवू लागले. सोडण्याची गोष्ट आपण वारंवार सांगतो, परतण्याची सांगत नाही. माझ्या मते परतणे अधिक अवघड होते.

येथवरचा विचार विद्यार्थिनी आणि तिचा निर्माता यांच्यातील आहे. परंतु या प्रकरणात तिसरा पक्षही आहे, आणि त्याला तिच्या नियतीशी काही कर्तव्य नाही. तो पक्ष म्हणजे स्वतः फ्लेमिंगो.

नवी मुंबईत येणाऱ्या थव्यांत छोटा रोहित ही जात मोठ्या संख्येने असते. जागतिक यादीत ती संकटाच्या उंबरठ्यावरील जातींत गणली जाते. हिवाळ्याच्या सुमारास हे थवे कच्छकडून येतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. त्यांचा दिनक्रम घड्याळावर नव्हे, भरती-ओहोटीवर चालतो. ओहोटीला ठाणे खाडीचा चिखल उघडा पडतो, तेव्हा चोच उलटी बुडवून ते शेवाळ गाळून खातात. त्यांचा गुलाबी रंगही त्याच आहारातून येतो. भरती चढली की चिखल पाण्याखाली जातो. त्या काही तासांत उभे राहण्यासाठी त्यांना उथळ जागा लागते, आणि नेरुळ-सीवूड्सच्या पाणथळी ती देतात. खाडीचा काही भाग २०१५ मध्ये अभयारण्य घोषित झाला, २०२२ मध्ये रामसर यादीत गेला. विश्रांतीच्या या पाणथळी मात्र अभयारण्याच्या सीमेबाहेर आहेत. म्हणजे जेवणाचे ताट सुरक्षित आणि बसण्याची जागा अनिश्चित! खाडीचे पाणी आत येण्याच्या वाटा बुजल्या की तलाव आटू लागतो आणि पक्षी वस्तीच्या, रस्त्याच्या दिशेने भरकटतात. एप्रिल २०२४ मध्ये नेरुळच्या तलावाच्या परिसरात फ्लेमिंगो मृत आणि जखमी अवस्थेत सापडले. २० मे रोजी रात्री घाटकोपरच्या आकाशात, उतरणाऱ्या विमानाची धडक बसून तीसहून अधिक पक्षी मरण पावले. ही जोडी एका विणीत एकच अंडे घालते, हे ध्यानात घेतले की या आकड्याचा अर्थ कळतो.

या शहराने स्वतःला फ्लेमिंगोंचे शहर म्हणवून घेतले आहे. भिंतींवर त्यांची चित्रे आहेत, चौकांत पुतळे आहेत. चित्रातल्या पक्ष्याला भरतीचे पाणी लागत नाही. रियाचा विचार करायचाच असेल तर एका मुलीच्या निबंधाआधी या भिंतींचा करावा, असे कधीकधी वाटते.

कुरआनने पृथ्वीवर चालणाऱ्या प्रत्येक जिवाला आणि पंखांनी उडणाऱ्या प्रत्येक पाखराला माणसांसारखाच एक समुदाय, एक उम्मत, म्हटले आहे (सूरह अल-अनआम, आयत ३८). समुदाय म्हटला की त्याचे हक्क आले. नसाईच्या संग्रहातील हदीसनुसार विनाकारण मारली गेलेली चिमणी कियामतच्या दिवशी अल्लाहकडे फिर्याद करील. अबू दाऊदच्या संग्रहात प्रवासातील प्रसंग आहे: काही सहाबांनी एका पक्षिणीची दोन पिले उचलली, ती पंख फडफडवीत त्यांच्याभोवती घिरट्या घालू लागली. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ते पाहून तिला कोणी व्याकूळ केले असे विचारले आणि पिले परत ठेवण्यास सांगितले. पिले उचलणाऱ्यांचा हेतू काय होता, याची तेथे चौकशी झाली नाही. तेराव्या शतकातील थोर फकीह इज्जुद्दीन बिन अब्दुस्सलाम (रह.) यांनी तर जनावरांचे माणसावरील हक्क क्रमाने नोंदविले, आणि त्यांत म्हातारे व आजारी होऊन निरुपयोगी ठरलेले जनावरही सोडले नाही.

म्हणून त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचा अर्धा भाग येथे सुटतो. नियतीचा हिशेब अल्लाहपाशी आहे, तो तिने रोज तपासावा. परंतु पक्ष्याचा हक्क तिची नियत शुद्ध होईपर्यंत थांबून राहू शकत नाही. फ्लेमिंगोंविषयी लिहिलेले खरे आहे काय, अचूक आहे काय, त्याने कोणाचे लक्ष त्या पाण्याच्या बुजलेल्या वाटेकडे जाते काय, हे प्रश्न पाखराच्या बाजूचे आहेत. भावनेने ओथंबलेली परंतु माहितीत चुकीची दोन पाने त्याच्या काही कामाची नाहीत.

प्रेरणास्थानाचेही तसेच आहे. सालिम अलींचे नाव अर्जात लिहिणे सोपे, कारण ते सर्वांना ठाऊक आहे. धर्माचरणाच्या बाबतीत ते आदर्श होते असा दावा येथे कोणी करीत नाही. पण त्यांचा मार्ग पाहावा. पोरका मुलगा, मामांच्या घरी खेतवाडीत वाढलेला. पक्ष्यांकडे तो गेला तो दयेने नव्हे, छऱ्याच्या बंदुकीने. शिकारीच्या हौसेपायी मारलेली चिमणी वेगळ्या रंगाची निघाली, म्हणून तो बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत मिलार्ड साहेबांकडे पोहोचला. फिर्यादी होऊ शकली असती ती चिमणी त्याची पहिली गुरू झाली. पुढे विद्यापीठाची पदवी नसल्यामुळे पक्षितज्ज्ञाची सरकारी जागा हुकली. संग्रहालयात नोकरी मिळाली; तेथून रजा घेऊन बर्लिनला प्रा. स्ट्रेसेमान यांच्याकडे शिक्षण घेतले आणि १९३० मध्ये परतले तर निधीअभावी तीच नोकरी रद्द झालेली!

तेव्हा ते अलिबागजवळील किहीमला राहावयास गेले. पद नाही, वेतन नाही, दारासमोर सुगरणींची घरटी. ते बसले आणि पाहत राहिले. नर घरटे अर्धेच विणतो, मादी येऊन ते पारखते, पसंत पडले तरच ते पुरे होते, आणि मग नर दुसरे घरटे दुसऱ्या मादीसाठी सुरू करतो: हे कोड्यासारखे जीवन त्यांनी तेथे उलगडले. ज्या दिवसांत कोणाकडेही अर्ज करण्याजोगे काही नव्हते, त्या दिवसांतील हे काम आहे. १९७६ मध्ये पन्नास हजार डॉलरचा गेटी पुरस्कार मिळाला तो पक्षिसंवर्धनाच्या निधीकडे गेला.

एक प्रश्न मात्र आपल्या मुलांना लवकरच भेडसावणार आहे, आणि त्यावर घरांत बोलणे होत नाही. शिष्यवृत्ती देणारे सगळेच सरकारी किंवा धर्मादाय नसतात. उद्या एखादा दाता असा निघेल की ज्याचा व्यवसाय त्याच पाणथळीच्या जमिनीशी निगडित आहे. त्याचे पैसे घ्यावेत काय? पैसा वैध व्यवसायाचा असेल तर केवळ त्या कारणाने तो नाकारलाच पाहिजे असे मला वाटत नाही. गझालींच्या मदरशाला पैसा पुरविणारा वजीर निजामुल्मुल्कही राजकारणात बुडालेला होता. परंतु शिष्यवृत्तीसोबत मौन मागितले जात असेल, लेखी असो वा अनुच्चारित, तर ती किंमत विद्यार्थी आपल्या खिशातून देत नाही. ती पक्ष्याच्या हक्कातून दिली जाते, आणि दुसऱ्याचा हक्क देऊन टाकण्याचा अधिकार त्याला कोणी दिलेला नाही. असा अर्ज परत घ्यावा. फी भरण्याची तारीख जवळ आलेली असताना असे करणे किती जड आहे याची कल्पना आई-बापांना असते, म्हणून हे मुलाला एकट्याला ठरवू देऊ नये. त्या संध्याकाळी वडिलांनी हिशेबाची वही काढून त्याच्या शेजारी बसावे आणि दुसरी कोणती तरतूद होऊ शकते ते पाहावे.