आजचं चिंतन : वृंदेचा शाप



काल द्वादशीला आमच्या दर्यापुरात बऱ्याच घरी तुळशीचं लग्न लागलं. वृंदावनाला गेरू, उसाचा मांडव, बुडाशी आवळे, चिंचा, बोरं. मंगलाष्टकं संपून अक्षता पडल्या आणि नात म्हणाली, "आजी, देवानंच तिला फसवलं ना? मंग त्याच्याशीच लग्न काऊन लावता?"

मी प्रसाद वाटायचं निमित्त केलं. पण झोप लागली नाही.

कथा सगळ्यांना ठाऊक आहे. वृंदेच्या पातिव्रत्यामुळं जालंधर मरेना, तेव्हा विष्णूंनी त्याचं रूप घेऊन तिचं व्रत मोडलं. देवीभागवतात हीच गोष्ट शंखचूड आणि तुळशीची आहे. तिथं ती देवाला पाषाण हो म्हणते, म्हणून गंडकीतला शाळिग्राम. जगाच्या भल्यासाठी केलं, असं आपण सांगतो. मीही सांगत आले. पण जगाचं भलं झालं म्हणून तिचं नुकसान भरून निघालं का? तिला तर कोणी विचारलंही नव्हतं.

मला धीर देते ती पद्मपुराणातली गोष्ट. तिथं वृंदेला कोणी गप्प बसवत नाही. ती शाप देते, रामावतारात पत्नीविरह होईल म्हणते, आणि तो देवाला भोगावा लागतो. वृंदा अग्नीत गेल्यावर विष्णू तिच्या राखेपाशीच बसून राहतात, देवांची कामं झाली तरी उठत नाहीत. त्या जागी पुढं आवळी, मालती आणि तुळस उगवतात. खोकल्याला आपण जिचा काढा करतो ती ही तुळस, अशा जागेवरची.

पण म्हणून नातीचा प्रश्न मिटत नाही. आपल्याकडंही, ज्यानं मुलीला फसवलं त्याच्याच गळ्यात तिला बांधून 'प्रकरण मिटवलं' असं म्हणायची रीत होती. तिथं त्याला ना शाप, ना पश्चात्ताप. गप्प बसायचं ते तिनंच. अशा एका लग्नात मी स्वतः अक्षता टाकल्या आहेत, आणि तुळशीचा दाखलाही मीच दिला होता. तो चुकीचा होता.

आमचा खारपाणपट्टा, बोअरचं पाणी घातलं की तुळस करपते, म्हणून नळाचा एक तांब्या मी बाजूला ठेवते. आज तो ओतताना नातीला जवळ बसवलं आणि त्या लग्नाचं सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मंग ती आता कुठी आहे?"