फळीची खालची बाजू

अमेरिकेत १९४७ ते १९५५ या काळात तयार झालेल्या शेव्हरोले कंपनीच्या लहान मालमोटारी आजही कित्येक जण जिवापाड जपतात. त्यांच्या मागील हौद्याचा तळ लाकडी फळ्यांचा असे व फळ्यांच्या सांध्यांवर पोलादी पट्ट्या बोल्टांनी आवळलेल्या असत. वरून पाहता अशी फळी पुष्कळ वर्षे धड दिसते. परंतु बोल्टांच्या भोकांतून व टोकांतून पाणी मुरते आणि लाकूड आतून कुजत जाते. मग एके दिवशी ओझे पडताच ती मोडते.

जाणता कारागीर कुजक्या फळीवर नवी फळी ठोकीत नाही. तो गंजलेले बोल्ट कापितो, जुन्या फळ्या उचलितो, खालच्या आडव्या पोलादी आधारांचा गंज खरवडितो. मग नव्या फळीस वरून, खालून, कडांस, टोकांस व प्रत्येक भोकाच्या आतही रोगण देतो.

आम्ही आपल्या अंतःकरणाचे काय करितो? रविवारी दिसणारी बाजू घासूनपुसून ठेवितो. भावाशी धरलेला अबोला व खोट्या मापाचा पैसा मात्र खाली कुजत राहतो. त्यावर भक्तीची नवी फळी ठोकून चालावयाचे नाही. देव दोन्ही बाजू पाहतो. म्हणून ओझे येण्यापूर्वी, आजच, आपण ती फळी उचलू या, भावाच्या दारी जाऊ या, घेतलेले परत करू या. जो कुजलेले काढून टाकितो, तोच नवेही बसवितो. आमेन.