कोयता, खोली आणि ठेकेदार

शिरूर आणि दौंड हे भीमेच्या दोन काठांवरचे शेजारी तालुके. दोन्हीकडे अंगमेहनतीचे बरेचसे काम आता बाहेरून आलेली माणसे करतात. दिवाळीच्या सुमारास बीड-नगरकडच्या टोळ्या फडात उतरतात, दौंडच्या गुऱ्हाळांवर उत्तर प्रदेशातले कामगार काहिलीपाशी उभे राहतात, आणि रांजणगाव, सणसवाडी, कुरकुंभच्या कारखान्यांत बिहारी पोरांच्या बरोबरीने मराठवाड्यातली पोरेही पाळ्या करतात. ‘यांच्यामुळेच आमच्या पोरांना काम नाही आणि मजुरी वाढत नाही’ हे वाक्य मग पारावरून निवडणुकीच्या सभेपर्यंत पोचते. मला ते अर्धवट वाटते. किती माणसे आली यापेक्षा मालक आणि मजूर यांच्यामध्ये कोण बसला आहे, यावर मजुरीचा भाव जास्त ठरतो. आणि कारखान्यांच्या पट्ट्यात तो मधला माणूस पुष्कळदा गावातलाच असतो.

ऊसतोडीत हे उघड दिसते. नवरा-बायको मिळून एक कोयता. हंगामाआधी मुकादमाकडून उचल घ्यायची आणि ती टनामागच्या दराने फेडायची. खाडा झाला की दंड, फिटली नाही तर बाकी पुढच्या सालावर. उचलीने बांधलेला माणूस शेजारच्या कारखान्याचा दर बरा आहे म्हणून उठून जाऊ शकत नाही, मग बाजारभाव म्हणायचा तरी कशाला? जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला, तो संघटनांनी कोयता बंद ठेवण्याची भाषा केल्यावर आणि साखर संघाशी बोलणी झाल्यावर. तोडायला येणारे तेच होते. गुऱ्हाळांची गोष्ट तर उलटीच आहे. चुलाणात चिपाड सारणे आणि उकळता रस ढवळत राहणे या कामाला स्थानिक माणूस सहसा तयार नसतो. बाहेरचे कामगार आले म्हणून गुऱ्हाळे चालली आणि दौंडच्या शेतकऱ्याला कारखान्याखेरीज दुसरे गिऱ्हाईक मिळाले. तोडणी लांबली, उसाला तुरे आले की या दुसऱ्या गिऱ्हाइकाची किंमत कळते.

यावर आक्षेप येतो, की कारखानदारीत तर शिकलेली पोरे दारात उभी आहेत. खरे आहे. पण त्यांना हवी असते कायम नोकरी, आणि भरती होते ती कंत्राटी. ठेकेदाराला खोलीवर राहणारा, जत्रेला सुट्टी न मागणारा, गावात पाठीशी कोणी नसलेला माणूस सोयीचा. स्थानिकांना ८० टक्के जागा देण्याचे राज्याचे धोरण १९६८ पासूनचे आहे. त्यात राज्यात १५ वर्षे राहिलेला तो स्थानिक. म्हणजे बीडकडच्या आष्टी-पाटोद्याचा मुलगा कागदावर भूमिपुत्र आणि सणसवाडीत उपरा. हरियाणाने खासगी नोकऱ्यांत ७५ टक्के आरक्षणाचा कायदाच केला, तो उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये रद्द ठरवला. आणि बाहेरची माणसे आली की मजुरी पडतेच, असेही नाही. १९८० मध्ये क्यूबातून सुमारे सव्वा लाख माणसे अमेरिकेत मायामीकडे आली आणि शहरातले कामकरी काही महिन्यांत ७ टक्क्यांनी वाढले. तरी स्थानिकांची मजुरी घसरल्याचे अर्थतज्ज्ञ डेव्हिड कार्ड यांना आढळले नाही. दुसरे अर्थतज्ज्ञ जॉर्ज बोर्हास यांनी पुढे त्यावर हरकत घेतली, की शाळा अर्धवट सोडलेल्यांचे नुकसान झालेच. ही हरकत इथेही झटकून टाकता येणार नाही. ज्याच्याकडे ना जमीन, ना चाळ, ना टेम्पो, अशा गावातल्या भूमिहीनाला आलेल्यांशी थेट स्पर्धा करावी लागते आणि खोलीभाडेही त्यांच्याइतकेच भरावे लागते. बागाईतदाराला मात्र त्याच स्थलांतरातून स्वस्त मजूर आणि दरमहा भाडे, दोन्ही मिळते.

पाणी, कचरा, शाळा यांवरचा ताण खोटा नाही. पत्र्याच्या दहा खोल्यांना एक नळ आणि दोन संडास, हे चित्र औद्योगिक पट्ट्यात नवे नाही. पंधराव्या वित्त आयोगाचा निधी मात्र मुख्यतः २०११ च्या लोकसंख्येवर वाटला गेला. त्यानंतर आलेला माणूस गावचे पाणी पितो, किराणा तिथेच भरतो, पण निधीच्या हिशेबात नसतो. भाडेकरूंची नीट नोंद ठेवणे ग्रामपंचायतीला अवघड नाही. फक्त नोंद झाली की खोल्या मोजल्या जातील, प्रत्येक खोलीला घरपट्टी लागेल, आणि ठरावाला हात वर करायला बसलेल्यांतल्या काहींच्याच त्या चाळी असतात.