बंदुकीचा नेम आणि माळेचा नेम

मागील महिन्यात आम्हांला एक पत्र आले. आमच्या दिंडीतील एका जुन्या टाळकऱ्याचा नातू नोकरीनिमित्त कॅनडा देशी सस्कॅचेवान प्रांतात राहतो, त्याचे ते पत्र. मुलगा माळकरी. आजोबांनी लहानपणी गळ्यात घातलेली माळ त्याने परदेशातही उतरविली नाही. त्याच्याबरोबर काम करणारा तिकडचा एक गृहस्थ आहे. स्वभावाने भला, याची गाडी बर्फात रुतली तेव्हा मध्यरात्री दोर घेऊन धावत आलेला. तो यंदा म्हणतो की, रानहंसांच्या शिकारीला माझ्याबरोबर चल. बंदूक धरू नकोस वाटल्यास, नुसता बघ, शीक. पोर पेचात पडले. “बुवा, नाही म्हणावे तर माणूस दुखावतो, हो म्हणावे तर माळ दुखावते. तब्येत बरी नाही असे सांगून टाकू का?” असे त्याने विचारले आहे.

वाचक म्हणतील, यात विचारण्यासारखे काय आहे? वारकऱ्याने जीव मारू नये, संपले. आम्हांलाही प्रथम तसेच वाटले आणि चार ओळींचे उत्तर लिहावे म्हणून कागद पुढे ओढला. परंतु त्या गृहस्थाने नवशिक्यासाठी सांगितलेल्या सूचना पोराने पत्रासोबत दोन पाने भरून लिहिल्या होत्या. त्या वाचल्या आणि लेखणी थांबली.

पहिली सूचना अशी की, शिकार आदल्या संध्याकाळी डोळ्यांनी सुरू होते. तिकडे गव्हाची, जवाची, वाटाण्याची कापणी झालेली शेते मैलच्या मैल पसरलेली असतात. उत्तरेकडच्या थंड मुलुखातून दक्षिणेस निघालेले हंस रात्री तळ्यावर मुक्काम करतात आणि सकाळ-संध्याकाळ त्या धसकटांत दाणे टिपायला उतरतात. (आपल्या पालखीचेही तसेच नाही का, मुक्काम एकीकडे, विसावा दुसरीकडे!) थव्याने कोणते शेत धरले आहे ते पाहून ठेवायचे, कारण दुसऱ्या दिवशी बहुधा तो तेथेच येतो. मग त्या शेतकऱ्याच्या दारी जाऊन परवानगी मागायची. पहाटेच्या अंधारात शेतात हंसांचे खोटे पुतळे मांडायचे. हा पक्षी वाऱ्याला सामोरा होऊन उतरतो, म्हणून बहुतेक पुतळ्यांची तोंडे वाऱ्याकडे ठेवायची आणि मध्ये अंगणाएवढी जागा मोकळी सोडायची. नंतर धसकटे अंगावर घेऊन उताणे पडून राहायचे. चेहरा झाकायचा, कारण वरून येणाऱ्याला माणसाचा उजळ चेहरा आधी दिसतो. हलायचे नाही, बोलायचे नाही.

पुढे नवशिक्याच्या खोडी सांगितल्या आहेत. थवा आला की हा गोंधळून थव्यातच बार टाकतो. शंभर हंस डोक्यावर असून एकही पडत नाही, किंवा चारपाचांना छर्रे लागतात आणि ते दूर कोठे जाऊन मरतात. म्हणून एकच पक्षी निवडावा आणि त्याच्यावरून डोळा काढू नये. दुसरी खोड अंतराची. मोठा पक्षी असतो त्याहून जवळ भासतो. पंख सावकाश हलतात म्हणून संथ वाटतो, आणि असतो मात्र भलताच वेगात. तेव्हा नेम त्याच्या पुढे धरावा लागतो. पस्तीस-चाळीस वारांपलीकडे बार टाकू नये. अंतर कळेना तर थांबावे. जात ओळखू येईना तर थांबावे.

जातीची गोष्ट फार महत्त्वाची. त्या प्रांतात करड्या रंगाच्या क्रौंचांची शिकार कायदेशीर आहे. पण त्याच आकाशातून पांढरा मोठा क्रौंचही जातो. हा पक्षी १९४१ साली साऱ्या जगात जेमतेम वीस-बावीस उरला होता, आणि माणसांनी जपून जपून त्याला परत काही शेकड्यांवर आणला आहे. तो कधी करड्यांच्या थव्यात मिसळूनही उडतो. नवशिक्याचे बोट घाईत दाबले गेले की त्या मेहनतीवर पाणी. शिशाचे छर्रेही आता तिकडे चालत नाहीत. पाणपक्षी पोटातले दाणे दळायला खडे गिळतात, त्यांबरोबर चिखलातले शिसे गिळून ते विषाने मरत. म्हणून अमेरिकेने १९९१ साली आणि कॅनडाने १९९९ साली या पक्ष्यांसाठी शिशाला सर्वत्र बंदी केली. एका दिवसात किती पक्षी मारावेत यालाही बंधन आहे.

आणि शेवटची सूचना. जखमी होऊन पडलेला पक्षी सर्वांत आधी. दुसरा थवा डोक्यावर आला असला तरी बंदूक खाली करून त्याच्याकडे जायचे, त्याला तत्काळ संपवायचे. गवतात हरवला तर सापडेपर्यंत शोधायचे.

आपल्या भाषेत ‘नेम’ शब्द दोन्हीकडे चालतो. बंदुकीचाही नेम आणि एकादशीचाही नेम. ही दोन पाने वाचताना आमच्या ध्यानात आले की, त्यांतील बहुतेक सूचना बंदूक चालविण्याच्या नसून ती आवरण्याच्या आहेत. पहाटे उठणे, मौन, एकाग्रता, परवानगी, मर्यादा. आमच्या फडावरील किती मंडळींना एवढा नेम साधतो? हे शहाणपण त्या लोकांनाही सुखासुखी आलेले नाही. ज्यांच्या थव्यांनी आकाश झाकून जाई असे प्रवासी कबुतर त्यांनी मारून मारून संपविले. त्या जातीचे शेवटचे पाखरू १९१४ साली सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेले. त्यानंतर दोन वर्षांनी, १९१६ साली, स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांच्या रक्षणाचा अमेरिका व कॅनडा यांच्यासाठीचा करार झाला. आपणही फार मान वर करू नये. भरतपूरच्या तलावावर १९३८ साली व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या एका दिवसाच्या शिकारीत चार हजारांहून अधिक पक्षी पडले, आणि त्या आकड्याची शिळा तेथे अभिमानाने बसविली गेली. पुढे १९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला आणि १९९१ च्या दुरुस्तीने परवान्याची उरलीसुरली शिकारही आपल्या देशात बंद पडली.

येथे आम्हांला आमचीच एक गोष्ट सांगितली पाहिजे. आजवर ती कीर्तनात कधी सांगितली नाही.

आमचे गाव भीमेकाठचे. उजनीचे धरण तेव्हा नव्हते. थंडीत नदी आटून मध्ये वाळूचे पट्टे उघडे पडत. त्यांवर डोक्याला दोन काळे पट्टे असलेले हंस येऊन बसत. ते हिमालय ओलांडून तिबेटाकडून येतात हे आम्हांला पुष्कळ वर्षांनी कळले. तेव्हा आम्ही त्यांना ‘मोठं बदक’ म्हणत असू. १९५८ च्या सुमारास तालुक्याहून एक सद्गृहस्थ दुनळी बंदूक घेऊन आले. पडलेला पक्षी पाण्यातून आणून द्यायला त्यांना पोहणारा पोरगा हवा होता. चार आणे ठरले. आमचे वय नऊ-दहा.

बार झाला, थवा ओरडत उठला आणि एक हंस पलीकडच्या डोहात पडला. आम्ही पोहत गेलो. तो मेला नव्हता, पंख तुटला होता. अलीकडून ते गृहस्थ ओरडले, “मान मुरगाळ त्याची!” आम्ही मुरगाळली नाही. जीव मारणे पाप हे आईने शिकविले होते ना! काठावर चढलो, त्याला छातीशी धरून वळसा घालून चालत आलो. त्याचे काळीज आमच्या हाताला लागत होते. वर त्याचा जोडीदार दोनदा फेरी घालून गेला. (हे पक्षी जोडीने राहतात असे जाणकार सांगतात, तेव्हा आम्हांला वाटले, तो वाट चुकला.) तोवर गृहस्थ दुसऱ्या थव्याच्या मागे वरच्या अंगाला गेलेले. आम्ही हंस टोपलीखाली झाकून बसलो. दुपारपर्यंत टोपली हलत होती.

घरी येऊन आम्ही मोठ्या ऐटीत सांगितले, “आई, मी नाही मारला.” आईने पीठ मळता मळता विचारले, “मग हे चार आणे कशाचे?”

महाभारताच्या वनपर्वातली कौशिक ब्राह्मणाची गोष्ट आमच्या वाचकांना ठाऊक आहे. झाडावरच्या बगळीने अंगावर घाण केली म्हणून त्याने रागाने वर पाहिले आणि ती मरून पडली. हाताला रक्त नाही, शस्त्र नाही, नुसती नजर. त्या तपस्व्याला धर्म शिकायला मिथिलेच्या बाजारात मांस विकणाऱ्या व्याधाकडे जावे लागले. आणि तो व्याध त्याला काय सांगतो? नांगराच्या फाळाखाली किती जीव मरतात ते बघ, म्हणतो. या कथेचा आधार घेऊन पुष्कळ लोक मांसाहाराचे समर्थन करतात, ते आम्हांला पटत नाही. तो व्याध स्वतः मारत नव्हता, खातही नव्हता, हे ते सोयीस्करपणे विसरतात. परंतु आपण मारले नाही एवढ्यावर ज्याची छाती फुगते त्यानेही ही कथा नीट ऐकावी. टोपलीजवळ बसलेल्या पोराचे हात स्वच्छ होते. सारी सकाळ सोसले ते त्या पाखराने. त्या कॅनडातल्या गृहस्थाची शेवटची सूचना त्या दिवशी आम्ही पाळली असती, तर दुपारपर्यंतचे दुःख वाचले असते. बार टाकणाराचा दोष मोठा खरा, पण मधल्या त्या घटकांचा हिशेब आमच्या नावावर आहे.

मग शिकार योग्य ठरली काय? नाही. नेमाने केलेली हिंसा बेफाम हिंसेपेक्षा बरी, पण ती हिंसाच. उदरभरणाचा दुसरा मार्ग हाताशी असताना, त्या हंसाने आपले काही वाकडे केले नसताना, अंगणाएवढी मोकळी जागा दाखवून त्याला खाली बोलवायचे आणि मारायचे, हे आमच्या मनाला पटत नाही. तो गृहस्थ आणखी एक सांगतो की, पांढरे हिमहंस तिकडे अतोनात वाढले, उत्तरेची त्यांची कुरणे त्यांनीच खरवडून काढली, म्हणून १९९९ पासून सरकार काही भागांत वसंत ऋतूतही त्यांची शिकार करू देते. या युक्तिवादाला आमच्याजवळ सपशेल उत्तर नाही. माणसाच्या शेतातल्या दाण्यावरच ते वाढले, एवढे आम्ही म्हणू शकतो. पण आमच्या पोराला कोणी उत्तर ध्रुवाची कुरणे राखायला बोलावलेले नाही. त्याला सोबतीला बोलावले आहे, आणि सोबत्याच्या वाट्याला काय येते ते आम्हांला ठाऊक आहे. आदल्या संध्याकाळी थवा कोठे उतरला ते त्याला दिसेल आणि तो बोट दाखवील. पुतळे मांडायला हात लावील. जखमी हंस त्याच्या अंगाशी येऊन पडला तर त्याने काय करावे? मारावे तर माळ, न मारावे तर टोपली.

म्हणून आम्ही त्याला लिहिले आहे की, जाऊ नकोस. तब्येतीची सबब मात्र सांगू नकोस. मध्यरात्री दोर घेऊन आलेल्या माणसाशी खोटे बोलायचे कारण नाही. गळ्यातली माळ त्याला दाखव, आजोबांचे नाव सांग. त्याने रागाने काही म्हटले तर ऐकून घे. त्याच्या घरी जेवायला बोलावले तर जा, आपली भाजी-भाकरी डब्यातून ने आणि त्याच्या ताटाकडे नाक मुरडू नकोस. हंस बघायचेच असतील तर सुट्टीच्या दिवशी एकटा जा आणि कोणते शेत त्यांनी धरले ते कोणाला सांगू नकोस.

पत्र टाकून तीन आठवडे झाले. उत्तर अजून आले नाही. टाळकरी आजोबा एकादशीला भेटले तेव्हा म्हणाले, पोराचा फोन आला होता, पण या विषयावर काही बोलला नाही.