मन शांत करायचं, पण कुणासाठी?



आजचं वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १ श्लोक २८ पासून अध्याय २ श्लोक ११ पर्यंत. गीता हाताशी असेल तर आधी तेवढा भाग वाचून घ्या, दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे. लोकलमध्ये उभ्याने मोबाइलवर वाचलंत तरी चालेल, देव त्यावरून रागावत नाही.

हा भाग आपण बहुतेक वेळा घाईने ओलांडतो. अर्जुन रडला, गांडीव टाकलं, बरं, पुढे कृष्ण काय म्हणाला ते सांगा! पण आज थोडं इथेच थांबूया. अर्जुन नेमकं काय काय सांगतोय बघा. अंग गळून गेलंय, तोंडाला कोरड पडलीय, शरीर कापतंय, अंगावर काटा आलाय, त्वचेची आग होतेय, हातातून धनुष्य निसटतंय, धड उभं राहता येत नाही, डोकं गरगरतंय. आधी शरीरात काय चाललंय ते सांगतो, मग मनातले विचार. एवढा मोठा धनुर्धर, दोन्ही बाजूंना सैन्य, शंख फुंकून झालेत, आणि हा माणूस न लाजता म्हणतोय की मला सहन होत नाहीये. ज्या अध्यायात हे सगळं आहे त्याचं नाव अर्जुनविषादयोग. विषादालासुद्धा आपल्या परंपरेने योग म्हटलंय, हे मला दर वेळी नव्याने जाणवतं.

आज हे डोक्यात यायचं कारण माझी ताई. ती एका शाळेत समुपदेशक आहे. हल्ली शाळांमध्ये ‘सोशल-इमोशनल लर्निंग’ म्हणजे सामाजिक-भावनिक शिक्षण हा शब्द बराच ऐकू येतो. अमेरिकेत १९९४ मध्ये सुरू झालेल्या कॅसेल नावाच्या संस्थेने त्याचे पाच भाग मांडलेत : स्वतःला ओळखणं, स्वतःला सावरणं, दुसऱ्याचं मन ओळखणं, नाती जपणं आणि जबाबदारीने निर्णय घेणं. ताईने मला ही यादी दाखवली तेव्हा मी म्हटलं, अगं, पहिला धडा तर अर्जुनाने रथातच गिरवलाय! माझ्या आत काय चाललंय हे शब्दांत सांगता येणं.

आपल्याकडेही याबद्दल बरंच काही घडलंय. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात मुलांच्या सामाजिक आणि भावनिक क्षमतांचा उल्लेख आहे. त्याआधी २०१८ मध्ये दिल्लीच्या सरकारी शाळांत नर्सरी ते आठवीसाठी ‘हॅपिनेस’चा रोजचा तास सुरू झाला. त्यात ध्यान, गोष्टी, गप्पा होत्या आणि मुख्य म्हणजे परीक्षा नव्हती. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विशाखापट्टणममधल्या एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात देशभरासाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा, अशी त्यातली एक सूचना आहे. ती मुलगी १७ वर्षांची होती आणि नीटची तयारी करत होती.

हे सगळं चांगलंच आहे. पण एक प्रश्न मला काही दिवस सोडत नाहीये, आणि तो धोरणाचा नाही, धर्माचा आहे. आपण मुलाचं मन शांत करतो ते कुणासाठी?

हा प्रश्न आला एका आकड्यावरून. २०११ मध्ये डरलॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा २१३ शालेय उपक्रमांचे अभ्यास एकत्र तपासले. त्यात २ लाख ७० हजारांहून जास्त मुलं होती. त्यांना दिसलं की मुलांचं वागणं सुधारलं, मनावरचा ताण कमी झाला, आणि अभ्यासातली कामगिरीही सरासरी ११ पर्सेंटाइलने वर गेली. आता गंमत बघा. शाळांना किंवा पालकांना हा विषय पटवून देताना यातली कोणती गोष्ट सगळ्यात आधी सांगितली जाते? बरोबर ओळखलंत. ताई म्हणते, पालकसभेत ‘मूल मोकळं होईल’ म्हटलं की माना हलतात, आणि ‘मार्क वाढतील’ म्हटलं की वह्या उघडतात.

मी म्हटलं, मग त्यात वाईट काय? दोन्ही मिळतंय ना?

तेव्हा तिने मला दहावीतल्या एका मुलाची गोष्ट सांगितली. नाव, गाव काही सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. टेस्ट सिरीज सुरू झाली की त्याच्या पोटात दुखायचं, उलट्या व्हायच्या. डॉक्टरांकडे सगळे रिपोर्ट नॉर्मल आले. मग शाळेने त्याला ताईकडे पाठवलं. चार-पाच भेटींत तो बोलायला लागला, झोप सुधारली, आणि एके दिवशी त्याचं येणंच बंद झालं. ताईने मधल्या सुट्टीत त्याला गाठून विचारलं तर तो म्हणाला, “मॅम, मी बरा झालो की परत टेस्ट सिरीज सुरू होणार. मला बरंच व्हायचं नाहीये.”

मला हे ऐकून सुचलंच नाही काही. विचार करा, त्या मुलाने काय ओळखलं होतं? सगळे त्याची काळजी घेत होते, यात शंका नाही. पण त्या काळजीच्या टोकाला एक टाइमटेबल बांधलेलं होतं. गाडी गॅरेजमध्ये दुरुस्त करतात ती परत रस्त्यावर आणायला, तसं काहीसं त्याला वाटलं असणार. मुलांना हे लगेच कळतं. आपण तोंडाने काहीही बोललो तरी कळतं.

आता परत गीतेकडे या. इथे मलाच माझ्याशी भांडावं लागलं, कारण मनात पहिला विचार आला तो असा : अरे, पण कृष्णानेही शेवटी अर्जुनाला लढायलाच लावलं ना! मग तेही गॅरेजच झालं की!

सोपं उत्तर देऊन सुटू नका, क्रमाने वाचा. पहिल्या अध्यायात अर्जुन बोलत असताना कृष्ण मध्ये बोलत नाही. दुसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीला मात्र तो बोलतो, आणि चांगलं कडक बोलतो. हे भलतं काय सुचलं तुला, हा दुबळेपणा सोड आणि ऊठ, अशा अर्थाचे ते दोन श्लोक आहेत. आपल्याकडे मुलांना जे म्हटलं जातं ना, ‘रडतोस काय मुलींसारखा’, जवळजवळ त्याच जातीचं बोलणं. त्याने काय झालं? अर्जुन उठला का? नाही उठला. पुन्हा आपली बाजू मांडली, मी गोंधळलोय, तुझा शिष्य आहे, मला सांग असं म्हणाला, आणि तरीही ‘मी लढणार नाही’ म्हणून गप्प बसला. प्रत्यक्ष भगवंताच्या तोंडचा दट्ट्यासुद्धा लागू पडला नाही! मग श्लोक १० मध्ये कृष्ण किंचित हसतो, आणि ११ पासून खरा उपदेश सुरू होतो. म्हणजे अर्जुनाने स्वतः विचारल्यावर.

आणि आता थेट अठराव्या अध्यायात जा, श्लोक ६३. सगळं सांगून झाल्यावर कृष्ण म्हणतो, यावर नीट विचार कर आणि मग तुला हवं तसं कर. मला वाटतं, भांडणाचं उत्तर इथे आहे. कृष्णाचं मत स्पष्ट आहे, ते त्याने लपवलेलं नाही. पण निर्णय त्याने अर्जुनाच्या हातात ठेवला. त्यापुढच्याच श्लोकात तो कारणही देतो, तू मला अतिशय प्रिय आहेस म्हणून तुझ्या हिताचं सांगतो. तू जिंकशील म्हणून सांगतो, असं तिथे नाही. अर्जुन ‘नाही’ म्हणाला असता तरी तो प्रियच राहिला असता, असा मी त्याचा अर्थ घेतो.

इथे पालकांच्या बाजूनेही बोललं पाहिजे. मार्कांची चिंता ही काही राक्षसी गोष्ट नाही. घरात पहिल्यांदा कुणी कॉलेजला जाणार असेल, वडिलांची नोकरी कंत्राटी असेल, तर त्या आईला मार्कांतच मुलाचं सुरक्षित आयुष्य दिसतं. तिचं प्रेम आणि तिची भीती एकमेकांत इतकी मिसळलेली असते की तिलाही वेगळी करता येत नाही. तिला ‘तुम्ही फळाची आसक्ती ठेवता’ असं ऐकवणं म्हणजे गीतेचा दगड करून फेकणं आहे. मग निष्काम म्हणजे नेमकं काय? मूल पुढे जावं असं वाटूच नये?

महाभारतातला एक प्रसंग मला इथे मदत करतो. द्रोणपर्वात, युद्धाच्या चौदाव्या दिवशी, सूर्यास्ताच्या आत जयद्रथाला मारायची अर्जुनाची प्रतिज्ञा आहे. नाही जमलं तर अग्निप्रवेश. याहून मोठी डेडलाइन कुणाची नसेल. आणि त्याच दिवशी, भर रणात, घोडे थकलेत आणि जखमी झालेत म्हणून रथ थांबतो. अर्जुन बाणाने जमिनीतून पाणी काढतो. कृष्ण घोडे सोडतो, त्यांच्या अंगातले बाण उपसतो, त्यांना खरारा करतो, पाणी पाजतो, मग परत जुंपतो.

तुम्ही म्हणाल, घोडे पळावेत म्हणूनच ना? हो, पळावेत म्हणूनही. कृष्णाला जयद्रथापर्यंत पोचायचंच होतं. पण ज्या हाताने तो बाण उपसत होता, तो हात घोड्याच्या दुखण्यावर होता. लक्ष्य आहे, आणि तरीही या क्षणी समोरच्या जिवाचं दुखणं हेच काम आहे. निष्कामता म्हणजे इच्छा नसणं नव्हे, हे मला यातून कळतं. खरी परीक्षा पुढे असते : अपेक्षित फळ आलं नाही तर माझं वागणं बदलतं का?

हाच प्रश्न शाळेलाही विचारता येतो. मार्क वाढले नाहीत, तरी पुढच्या वर्षी तो तास टाइमटेबलमध्ये राहील का? मूल पुन्हा कोसळलं, तरी समुपदेशकाचं दार त्याच्यासाठी तसंच उघडं असेल का? उत्तर ‘हो’ असेल तर पालकसभेत ११ पर्सेंटाइल सांगायला माझी हरकत नाही. उत्तर ‘नाही’ असेल, तर तो तासही टेस्ट सिरीजचाच एक भाग आहे.

त्या मुलाचं पुढे काय झालं? चमत्कार नाही झाला. ताईने आई-वडिलांना आणि वर्गशिक्षिकेला एकत्र बसवलं. टेस्ट सिरीज द्यायची की नाही हे त्याने ठरवायचं, आणि काहीही ठरवलं तरी ताईकडचं येणं चालू ठेवायचं, असं कबूल करून घेतलं. वडिलांना ते जड गेलं, पण त्यांनी शब्द पाळला. मुलाने निम्म्या परीक्षा दिल्या, निम्म्या नाही दिल्या. मार्क होते तिथेच आहेत. डबा मात्र आता मित्रांबरोबर खातो.

अजून एक. घोड्यांच्या प्रसंगातला घोडा फक्त विद्यार्थी नाही, शिक्षकही आहे. साठ-साठ मुलांचा वर्ग, पेपर, सर्वेक्षणं, निवडणुकीची कामं, आणि वर ‘मुलांचं मन जपा’ असं परिपत्रक. स्वतःच्या अंगात बाण रुतलेला माणूस दुसऱ्याला किती धीर देणार? ज्या शाळेत शिक्षकांना ‘आज मला जमत नाहीये’ असं म्हणता येत नाही, तिथे मुलांनी ते म्हणावं ही अपेक्षाच चुकीची आहे. आणि आधार काही फक्त शिक्षक देतात असं नाही. कोणतं मूल डबा तसाच परत नेतंय हे शाळेतल्या मावशींना माहीत असतं. कोण गप्प गप्प झालंय हे व्हॅनवाल्या काकांना कळतं. आपल्या परंपरेत ज्ञानदेव जगाला कंटाळून ताटी लावून आत बसले, तेव्हा बाहेर उभी राहून विनवणारी मुक्ताई भावंडांत सगळ्यात धाकटी होती. तिने दार तोडलं नाही. आत कोण आहे आणि तो आपला आहे, एवढं तिला पक्कं माहीत होतं.

तुमच्यापैकी बरेच जण पंचविशीच्या आसपास आहात, शाळा सुटून फार वर्षं झाली नाहीत. घरात भाचा, पुतणी, शेजारची दहावीतली मुलगी असेलच. त्यांना तुम्ही ‘मोठी माणसं’ वाटत नाही, हेच तुमचं बळ आहे.

आजचा संकल्प : अशा एका मुलाला फोन करा किंवा भेटा, आणि अभ्यासाबद्दल एकही प्रश्न विचारू नका. पाच मिनिटं फक्त ऐका. सल्ला त्याने मागितला तरच द्या. आणि बोलण्यात काही गंभीर जाणवलं, जगणं नको झाल्याची भाषा ऐकू आली, तर ते स्वतःपाशी ठेवू नका. घरच्या विश्वासू मोठ्या माणसाला सांगा. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन १४४१६ दिवसरात्र चालू असते आणि तिथे मराठीत बोलता येतं.

पांडुरंगा, आमच्या पोरांना यश दे, हे मागणं आम्ही सोडणार नाही. पण ते आलं नाही त्या दिवशीही त्यांच्याकडे आज बघतो तशाच डोळ्यांनी बघता यावं, एवढं आम्हाला दे.

उद्या अध्याय २, श्लोक १२ पासून पुढे वाचूया. जय हरी!