आयात शुल्क किती, यापेक्षा किती दिवस?

२०२४ च्या गणेशोत्सवात केंद्र सरकारने खाद्यतेलावरचे आयात शुल्क वाढवले. १४ सप्टेंबरपासून कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावर ५.५ टक्क्यांऐवजी २७.५ टक्के, तर रिफाइंड तेलावर १३.७५ टक्क्यांऐवजी ३५.७५ टक्के शुल्क लागू झाले. तेव्हा सोयाबीन हमीभावाखाली विकले जात होते, खरिपाचे पीक महिन्याभरात बाजारात येणार होते आणि राज्यातली विधानसभा निवडणूक तोंडावर आली होती. त्यामुळे हेतू ओळखायला अवघड नव्हता. परदेशी तेल महाग झाले की देशी तेलाला भाव येईल आणि तेलाला आला की सोयाबीनलाही येईल, असा तो सरळ हिशेब होता. पुढे आठ-साडेआठ महिन्यांत, ३० मे २०२५ पासून, कच्च्या तेलावरचे शुल्क १६.५ टक्क्यांवर खाली आणले गेले. कारण तेलाची महागाई सरकारला परवडेनाशी झाली होती.

या काळाचा जमाखर्च मांडला की आयात शुल्क कसे चालते ते बरेचसे उलगडते. वाढलेला दर ग्राहक जवळजवळ त्याच आठवड्यापासून भरू लागतो. त्या दराच्या आधारावर कुणी पेरणी करावी किंवा कुणी यंत्र बसवावे, असे मात्र आपोआप होत नाही. त्यासाठी तो दर उद्याही राहील अशी खात्री लागते. आपल्याकडे पहिली गोष्ट हमखास घडते आणि दुसरी क्वचितच.

आधी ग्राहकाचे पाहू. भारत गरजेच्या निम्म्याहून अधिक खाद्यतेल बाहेरून आणतो. वर्षाला साधारण १६० लाख टन तेल येते. त्यातले पाम मुख्यतः इंडोनेशिया-मलेशियातून, सोयाबीन तेल अर्जेंटिना-ब्राझीलमधून आणि सूर्यफूल रशिया-युक्रेनमधून. निम्मा माल बाहेरून येत असेल तर देशातला भाव बंदरावर ठरतो. तिथे शंभर रुपयांना पडणाऱ्या कच्च्या तेलावर आधी साडेपाच रुपये शुल्क होते, ते एका रात्रीत साडेसत्तावीस झाले. यात मूळ शुल्क वीस टक्के, कृषी पायाभूत सुविधांचा अधिभार पाच टक्के आणि या दोन्हींवर दहा टक्के समाजकल्याण अधिभार आहे.

शुल्कवाढीनंतर तीनच दिवसांत अन्न मंत्रालयाने कंपन्यांना सांगितले की जुन्या दराने आलेला सुमारे ३० लाख टन साठा देशात आहे, तो दीड महिना पुरेल, तोवर किंमत वाढवू नका. तर्क बिनचूक होता, पण बाजाराने तो मानला नाही आणि भाव चढले. यात केवळ नफेखोरी पाहणे सोपे आहे. पण किराणा दुकानदार आज एक डबा विकतो तेव्हा उद्या त्याच्या जागी नवा डबा आणायचा असतो, आणि तो नव्या भावाने येणार असतो. म्हणून तो जुन्या खरेदीवर किंमत ठरवत नाही, पुढच्या खरेदीवर ठरवतो. सणासुदीची मागणी असेल तर त्याला थांबायचे कारणही उरत नाही. त्या हिवाळ्यात पाम तेल जगभरातच महागले होते, त्यामुळे भाववाढीचे सगळे खापर शुल्कावर फोडता येणार नाही. पण महाग झालेल्या तेलावर टक्केवारीने लावलेला कर रुपयांतही वाढत जातो. जागतिक भाव चढतो त्या वेळीच हा बोजा सर्वांत जड होतो, आणि तो वडापावच्या गाडीवर, फरसाणाच्या भट्टीवर आणि महिन्याला दोन-तीन पिशव्या तेल आणणाऱ्या घरावर उत्पन्नाच्या मानाने अधिक पडतो.

दुसरा परिणाम सहसा नजरेतून सुटतो. शुल्क परदेशी मालावर असते, पण भाव देशी मालाचाही वाढतो. खरे तर तो वाढावा म्हणूनच शुल्क लावलेले असते. याहून गमतीची गोष्ट म्हणजे, ज्या मालावर शुल्कच नाही तोही कधी कधी सोबतीने महागतो. अमेरिकेने जानेवारी २०१८ मध्ये आयात होणाऱ्या घरगुती वॉशिंग मशीनवर शुल्क लावले. पहिल्या १२ लाख यंत्रांवर २० टक्के आणि त्यापुढच्यांवर ५० टक्के. अ‍ॅरन फ्लाएन, अली होर्तासु आणि फेलिक्स टिंटेलनॉट या अर्थतज्ज्ञांनी नंतर किमती तपासल्या, तेव्हा वॉशिंग मशीन सुमारे १२ टक्क्यांनी महागलेली आढळली. कपडे वाळवण्याचे ड्रायरही जवळपास तेवढेच महागले होते. त्यांच्यावर शुल्क नव्हते, पण अमेरिकन ग्राहक दोन्ही यंत्रे जोडीने घेतो, म्हणून विक्रेत्यांनी वाढ दोन्हींवर वाटून टाकली. या शुल्कामुळे अमेरिकेत सुमारे १,८०० रोजगार निर्माण झाले असा त्यांचा अंदाज आहे. ग्राहकांनी जास्तीचे जे पैसे मोजले त्यांना या आकड्याने भागले, तर एकेक रोजगार आठ लाख डॉलरहून महाग पडला. रोजगार आले हे खरेच आहे. पण त्यांची किंमत कुठल्याही अर्थसंकल्पात दिसली नाही, ती दुकानातल्या पावत्यांमध्ये विरून गेली.

आता ज्याच्या नावाने हे सगळे झाले त्या शेतकऱ्याकडे वळू. २०२४-२५ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. शुल्कवाढीच्या बातमीने भाव काही दिवस उचलला, पण आवक सुरू होताच पुन्हा बसला आणि हंगामभर हमीभावाखालीच राहिला. परदेशी तेलावर एवढे शुल्क असताना असे का झाले, याचे उत्तर सोयाबीनच्या दाण्यात आहे. शंभर किलो सोयाबीनमधून जेमतेम अठरा किलो तेल निघते, उरलेल्यात जवळजवळ सगळी पेंड असते. म्हणजे सोयाबीनचा भाव तेलाइतकाच, किंबहुना अधिक, पेंडीवर ठरतो. त्या वर्षी ब्राझील-अर्जेंटिनाच्या मोठ्या पिकामुळे पेंडीचे जागतिक भाव पडले होते. देशात मका आणि तांदळापासून इथेनॉल करण्याचे प्रमाण वाढले होते आणि त्यातून उरणारा प्रथिनयुक्त चोथा, ज्याला बाजारात डीडीजीएस म्हणतात, तो कोंबड्यांच्या खाद्यात पेंडीची जागा घेत होता. सरकारने अठरा किलोंना कुंपण घातले, पण उरलेले ऐंशी-ब्याऐंशी किलो उघड्यावरच राहिले. त्यातही त्या पेंडीला स्पर्धक उभा करणारे इथेनॉलचे धोरण सरकारचेच होते. शेवटी शेतकऱ्याला जो काही आधार मिळाला तो हमीभावाच्या सरकारी खरेदीतून, आणि त्यासाठीही ओलाव्याची अट १२ वरून १५ टक्के करावी लागली.

कारखानदाराचा हिशेब आणखी वेगळा असतो. रिफायनरीवाला शुल्काचा नुसता दर पाहत नाही, कच्च्या आणि रिफाइंड तेलावरच्या शुल्कातला फरक पाहतो. समजा, कच्चे तेल बंदरावर १०० रुपयांना पडते आणि शुद्ध केल्यावर ते १०६ रुपयांचे होते. रिफायनरीचे काम सहा रुपयांचे. १६.५ आणि ३५.७५ टक्के या मे २०२५ च्या दरांनी देशात शुद्ध केलेले तेल शंभर अधिक साडेसोळा रुपये शुल्क अधिक सहा, म्हणजे १२२.५० ला पडते, तर बाहेरून आलेले रिफाइंड तेल जवळजवळ १४४ ला. सहा रुपयांच्या कामाला एकवीस रुपयांचे संरक्षण! सप्टेंबर २०२४ च्या दरांत हेच संरक्षण साधारण दहा रुपयांचे होते आणि तरीही परदेशी पामोलीन येत होते. कारण इंडोनेशिया आणि मलेशिया स्वतःच्या रिफायनऱ्यांना काम मिळावे म्हणून कच्च्या पामच्या निर्यातीवर जास्त कर लावतात आणि रिफाइंडवर कमी. त्यामुळे तिकडून शुद्ध तेल कधी कधी कच्च्यापेक्षाही स्वस्त सुटते. म्हणून आपल्या तेल उद्योगाने फरक वाढवण्याची मागणी लावून धरली आणि मे २०२५ मध्ये तो ८.२५ वरून १९.२५ टक्क्यांवर गेला.

पण त्या एकाच अधिसूचनेने दोन वेगळ्या उद्योगांचे दोन वेगळे निकाल लावले. बंदरालगत परदेशी कच्चे तेल शुद्ध करणाऱ्या रिफायनरीला कच्चा माल स्वस्त मिळाला. लातूर-अकोल्यात सोयाबीन गाळणाऱ्या गिरणीला मात्र त्याच परदेशी कच्च्या तेलाशी स्पर्धा करायची असते. तिचे कुंपण २७.५ वरून १६.५ वर आले. ‘देशी उद्योगाला संरक्षण’ असे म्हटले जाते तेव्हा कोणत्या देशी उद्योगाला, हे विचारायलाच हवे.

फरक मोठा असला की माल नवी वाट शोधतो. दक्षिण आशियाई देशांच्या साफ्टा या मुक्त व्यापार करारानुसार नेपाळमधून येणाऱ्या रिफाइंड तेलावर शुल्क नाही. नेपाळ स्वतःच्या गरजेपुरतेही सोयाबीन पिकवत नाही, तरी २०२४ च्या शुल्कवाढीनंतर तिथून भारताला होणारी सोयाबीन तेलाची निर्यात झपाट्याने वाढली. तिथले कारखाने परदेशातून कच्चे तेल आणतात, शुद्ध करतात आणि सीमेपलीकडे पाठवतात. नेपाळला समुद्र नाही, त्याचा परदेशी माल कोलकाता-हल्दियासारख्या भारतीय बंदरांतूनच जातो. म्हणजे तेल भारतात उतरते, भारत ओलांडून नेपाळात जाते आणि तिथून पुन्हा भारतात येते. या प्रवासाला अर्थशास्त्रीय कारण एकच, शुल्कातला फरक. हाही उत्पादनाचा निर्णयच आहे. कारखाना उभा राहिला, पण जिथे पीक आहे किंवा गिऱ्हाईक आहे तिथे नाही, जिथे कायद्यात फट आहे तिथे.

आता मुदतीचा प्रश्न. कच्च्या पाम तेलावरच्या शुल्काचा इतिहास पाहावा. १९८६ च्या तेलबिया तंत्रज्ञान मोहिमेनंतर १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला देश खाद्यतेलात जवळजवळ स्वयंपूर्ण झाला होता. १९९४ मध्ये पामोलीनची आयात ६५ टक्के शुल्कावर खुली झाली आणि १९९८ पर्यंत शुल्क १५ टक्क्यांवर आले. नव्या शतकाच्या आरंभी कच्च्या पामवर ते ७५ टक्क्यांपर्यंत गेले. एप्रिल २००८ मध्ये शून्य. मार्च २०१८ मध्ये ४४. कोविडनंतरच्या महागाईत मूळ शुल्क पुन्हा शून्य. मग २७.५ आणि मे २०२५ मध्ये १६.५. प्रत्येक बदलाला त्या वेळचे कारण होते आणि ते बहुधा प्रामाणिकही असेल. पण तेलताडाचे झाड लावल्यावर चार-पाच वर्षांनी फळ देऊ लागते आणि पुढे पाव शतक देते. त्या झाडाच्या आयुष्यात शुल्क ७५ आणि शून्य ही दोन्ही टोके पाहून येत असेल, तर शुल्काच्या भरवशावर ते लावणार कोण? हे सरकारलाही ठाऊक आहे. म्हणूनच ऑगस्ट २०२१ मध्ये मंजूर झालेल्या ११,०४० कोटींच्या तेलताड मोहिमेत शेतकऱ्याला किमान परवडणाऱ्या किमतीची वेगळी हमी द्यावी लागली.

याच देशाने याच्या उलटही करून दाखवले आहे. १९२१-२२ चा राजकोषीय आयोग मुंबईचे सर इब्राहिम रहिमतुल्ला यांच्या अध्यक्षतेखाली बसला आणि त्याने संरक्षण मागणाऱ्या उद्योगाला तीन कसोट्या लावल्या. उद्योगाला कच्चा माल, बाजारपेठ असे नैसर्गिक अनुकूलत्व हवे, मदतीशिवाय तो वाढू शकणार नाही असे दिसायला हवे आणि पुढे एक दिवस तो मदतीशिवाय जगाशी टक्कर देऊ शकेल अशी आशा हवी. या कसोट्या लावण्यासाठी १९२३ मध्ये पहिले शुल्क मंडळ नेमले गेले. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातले प्राध्यापक वामन गोविंद काळे त्याचे सदस्य होते. उद्योगांच्या मागण्या, त्यांचे खर्चाचे हिशेब आणि साक्षी तपासून शिफारस करणे हे मंडळाचे काम होते.

त्याच पद्धतीतून १९३२ चा साखर उद्योग संरक्षण कायदा आला. जावाच्या साखरेवर जबर शुल्क बसले. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे संरक्षणाची मुदत कायद्यातच सांगितली होती, १९४६ पर्यंत. चौदा वर्षे म्हटल्यावर भांडवल पुढे आले. १९३१-३२ मध्ये देशात तिसाच्या आसपास असलेले साखर कारखाने पाच वर्षांत सव्वाशेच्या वर गेले. वालचंदनगर आणि माळीनगर ही याच दशकातली नावे. ग्राहकाने त्याची किंमत मोजलीच, पण बदल्यात कारखाने उभे राहिले. जावाची साखर थांबली तसे सरकारचे सीमाशुल्काचे उत्पन्नही आटले आणि १९३४ मध्ये सरकारला देशी साखरेवर उत्पादन शुल्क लावावे लागले. संरक्षण यशस्वी झाले की महसूल संपतो. जे शुल्क वर्षानुवर्षे तिजोरी भरत राहते, त्याने देशी उत्पादन उभे केलेले नसते, हे उघड आहे.

या तुलनेतून मला एवढेच दिसते. आपले तेलावरचे शुल्क महागाई वाढली की उतरते आणि शेतमालाचा भाव पडला की चढते, म्हणजे ते दोन्ही बाजूंना आग विझवण्यासाठी वापरले जाते. त्याने ग्राहकाला स्वस्ताई मिळत नाही आणि उत्पादकाला भरवसा मिळत नाही. सरकारने शुल्क लावायचेच असेल तर पेरणीच्या आधी, एप्रिलमध्ये, पुढच्या दहा वर्षांसाठी नियम जाहीर करावा: जागतिक भाव अमुक पातळीच्या खाली गेला तर इतके शुल्क, वर गेला तर इतके, आणि मुदत संपल्यावर शून्य. त्यातून येणारा महसूल तेलबियांच्या बियाण्यावर, सिंचनावर आणि हमीभावाच्या खरेदीवर खर्च झाला की नाही, याचा हिशेब दरवर्षी संसदेत मांडावा. हे बंधन स्वतःवर घालून घ्यायची तयारी नसेल तर शुल्क काढून टाकावे आणि शेतकऱ्याला फरकाची रक्कम थेट खात्यात द्यावी. ती निदान अर्थसंकल्पात दिसेल आणि तिच्यावर वाद घालता येईल. मुदत नसलेले शुल्क हे संरक्षण नव्हे, तो फक्त स्वयंपाकघरावरचा कर आहे.