जिंकला तो शहाणा?

अमेरिकेत ज्या खेळाला फुटबॉल म्हणतात त्यात पायाचा उपयोग बेताचाच असतो. चेंडू हाताने फेकायचा, छातीशी धरून पळायचे, आणि प्रतिपक्षाने त्या पळणाऱ्याला धरून जमिनीवर लोळवायचे. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकले तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात. नाही सरकले तर चेंडू दुसऱ्या संघाकडे जातो. प्रत्येक प्रयत्नानंतर खेळ थांबतो, आणि खेळ थांबतो म्हणूनच मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या कोचला तिकडे एवढे महत्त्व आले आहे. मुंबईत कूपरेजवर रोव्हर्स कपचे सामने पाहिलेल्या आपल्या जुन्या मंडळींना कोच म्हणजे मध्यंतरात पोरांना चार शब्द सुनावणारा गृहस्थ, एवढेच ठाऊक. तिकडे मात्र जवळजवळ प्रत्येक डाव कोच आणि त्याचे मदतनीस ठरवतात आणि बुद्धिबळातल्या प्याद्यांप्रमाणे माणसे हलवतात. त्यामुळे चाहत्यांचे प्रेम जितके खेळाडूंवर तितकेच कोचच्या डोक्यावर.

अशा कोचांत बिल बेलिचिक याच्या डावपेचांचे जितके गोडवे गायले गेले तितके अलीकडच्या काळात क्वचितच कोणाचे गायले गेले असतील. सन २००० ते २०२३ अशी चोवीस वर्षे तो बॉस्टनजवळच्या न्यू इंग्लंड पेट्रियट्स या संघाचा प्रमुख कोच होता, आणि त्या काळात संघाने सहा वेळा सुपर बोल जिंकला. त्याचे वडील ॲनापोलिस येथील नौदल अकादमीच्या संघासाठी प्रतिस्पर्ध्यांची टेहळणी करीत. मुलगा लहानपणापासून त्यांच्याबरोबर सामन्यांच्या फिल्म पाहात बसे. पुढे अर्थशास्त्राची पदवी घेतली. बोलणे मोजके, चेहरा सदा आंबट, अंगात बाह्या कापलेला स्वेटशर्ट. डॉलरच्या नोटेवर देवावर भरवसा असल्याचे वचन छापलेले असते. पेट्रियट्सच्या चाहत्यांनी त्यातले देवाचे नाव काढून तेथे बिलचे घातले आणि ते फलकांवर मिरवले. ही थट्टाच. परंतु थट्टेत अर्धे खरे असते.

वाचकांस हा विषय या पानांवर जरा विचित्र वाटेल. तथापि मला त्यातून एक प्रश्न सुचला आहे, आणि तो केवळ खेळाचा नाही. हे चाहते नेमके कौतुक करतात ते बुद्धीचे की फळाचे?

१ फेब्रुवारी २०१५ची रात्र घ्या. ॲरिझोना राज्यातील ग्लेनडेल येथे सुपर बोलचा सामना. एका बाजूला बेलिचिकचा संघ, दुसऱ्या बाजूला पीट कॅरलचा सिएटल सीहॉक्स. पेट्रियट्स २८, सिएटल २४. सामना संपायला एक मिनिटही उरलेले नाही आणि सिएटलचा संघ गोलरेषेपासून अवघ्या एका यार्डावर येऊन ठेपलेला. आता सिएटलने गोल केलाच, तर तो फेडायला हाती थोडा तरी वेळ असावा म्हणून बेलिचिकने खेळ थांबवून घ्यावा असे जो तो म्हणत होता. तशी सवलत त्याच्यापाशी शिल्लकही होती. त्याने ती घेतली नाही. घड्याळ चालू राहिले, जवळजवळ अर्धे मिनिट तसेच गेले. सिएटलपाशी मार्शॉन लिंच नावाचा रेड्यासारख्या ताकदीचा धावपटू होता; त्याच्या हाती चेंडू द्यायचा, एवढेच काम, असे सर्वांना वाटत होते. कॅरलच्या संघाने चेंडू फेकला. माल्कम बटलर नावाचा एक नवखा पोरगा मध्ये घुसला आणि त्याने तो झेलला. सामना तिथेच संपला.

दुसऱ्या दिवशी बेलिचिक हा द्रष्टा ठरला आणि कॅरल हा मूर्खांचा राजा. वर्तमानपत्रांनी, टीव्हीवरील पंडितांनी, कोपऱ्यावरच्या न्हाव्यानेसुद्धा कॅरलची बुद्धी काढली.

आता जरा आकडे पाहा. त्या हंगामात एका यार्डावरून शंभराहून अधिक वेळा चेंडू फेकला गेला होता आणि एकदाही प्रतिपक्षाने तो झेललेला नव्हता. फेकलेला चेंडू कोणाच्याच हाती न लागता खाली पडला तर घड्याळ थांबते, म्हणजे पुढच्या दोन प्रयत्नांना वेळ उरतो. पळणारा अडवला गेला तर घड्याळ चालूच राहते. कॅरलचा हिशेब कागदावर तरी वेडगळ नव्हता. बेलिचिकने सवलत न घेण्याचा जो जुगार खेळला तोही शहाणपणाचा असू शकेल. परंतु बटलरचे पाऊल वीतभर उशिरा पडले असते तर तोच निर्णय त्याच्या माथ्यावरचा कलंक झाला असता, आणि तीच वर्तमानपत्रे म्हणाली असती की म्हाताऱ्याला झोप लागली होती. दोघांचे निर्णय बटलर धावण्यापूर्वीच होऊन गेले होते. बटलर धावल्याने त्यांच्यातले शहाणपण वाढले किंवा घटले, ते कसे?

तत्त्वज्ञानात या गोष्टीची चर्चा फार गंभीरपणे झालेली आहे. १९७६ साली बर्नार्ड विल्यम्स आणि टॉमस नेगल या दोघा विचारवंतांनी तिला ‘नैतिक नशीब’ असे नाव दिले. दोन ड्रायव्हर सारखेच निष्काळजी. एकाच्या गाडीसमोर मूल आले, दुसऱ्याच्या आले नाही. पहिल्याला आपण जन्मभर अपराधी धरतो, दुसऱ्याला कोणी विचारीतही नाही. दोघांच्या मनात फरक नव्हता. फरक रस्त्यावर होता. शलमोन राजाने वेळ आणि योग यांच्याविषयी जे लिहून ठेवले आहे ते आपल्या वाचकांना मी नव्याने सांगायला नको. आणि मराठी माणसाला तर पानिपताची आठवण पुरे. १७६१च्या त्या जानेवारीत दुपारपर्यंत पारडे मराठ्यांकडे झुकले होते, असे इतिहासकार लिहितात. विश्वासरावांना गोळी लागली नसती तर सदाशिवरावभाऊ आज कोणत्या शब्दांत आठवले गेले असते? आपण मात्र त्यांच्या हट्टीपणाच्या गोष्टी पिढ्यान् पिढ्या सांगतो. हट्ट जिंकला की त्याला निश्चय म्हणतात.

बेलिचिकच्याच आयुष्यात याची उलटी बाजूही आहे. १५ नोव्हेंबर २००९ रोजी इंडियानापोलिस येथे त्याचा संघ ३४–२८ असा पुढे होता. खेळायला दोन मिनिटांच्या जरा वर वेळ उरला होता. संघ स्वतःच्याच अठ्ठावीस यार्डांच्या खुणेवर, चौथा प्रयत्न, आणि हवे होते दोन यार्ड. अशा वेळी चेंडू लाथेने दूर उडवून द्यायचा, हा पिढ्यान् पिढ्यांचा रिवाज. बेलिचिकने तो मोडला. दोन यार्ड मिळवायला गेला, ते थोडक्यात हुकले, आणि समोरच्या पेटन मॅनिंगने शेवटच्या काही सेकंदांत गोल करवून सामना ३५–३४ असा नेला. मग काय विचारता! गर्विष्ठ, उद्दाम, अक्कल गहाण टाकलेला, अशी विशेषणे त्याला लागली. वास्तविक बर्कली येथील डेव्हिड रोमर या अर्थशास्त्रज्ञाने त्याच्या आधीच आकडेमोड करून दाखवले होते की चौथ्या प्रयत्नाला कोच लोक गरजेपेक्षा फार जास्त वेळा चेंडू उडवून देतात. केवळ हरल्यावर बोल लागू नये म्हणून. आज त्या खेळातले संघ चौथा प्रयत्न पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक वेळा खेळतात आणि कोणी भुवई वर करीत नाही. त्या रात्रीचे ३५–३४ काही त्यामुळे बदलत नाही.

येथे कोणी सुज्ञ वाचक मला अडवील. म्हणेल, मग काय सगळेच नशीब? कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ, असे चोवीस वर्षे सहा वेळा घडते काय? हा आक्षेप मला मान्य आहे. एका सामन्यावरून, त्यातही एका डावावरून, कोणाची बुद्धी मापता येत नाही. चोवीस वर्षांवरून थोडीबहुत मापता येते. पण तेथेही जरा जपून. हाच बेलिचिक १९९१ ते १९९५ क्लीव्हलँडला कोच होता. तेथे त्याने बर्नी कोसार या गावच्या लाडक्या खेळाडूला भर हंगामात घरी पाठवले आणि लोक त्याच्यावर खवळले. पाच वर्षांत ३६ विजय, ४४ पराभव; शेवटी नोकरी गेली. डोके तेच, आंबट चेहराही तोच. पुढे बॉस्टनला गेल्यावर २००१ साली संघाचा मुख्य खेळाडू ड्र्यू ब्लेडसो जखमी झाला म्हणून टॉम ब्रेडी नावाच्या पोराला जागा मिळाली. हा ब्रेडी निवडीत १९९वा. म्हणजे बेलिचिकसकट साऱ्यांनीच त्याला अनेक वेळा ओलांडून दुसऱ्यांना घेतले होते. सहाही सुपर बोल ब्रेडीबरोबर आले. आता हे कोणाचे शहाणपण आणि कोणाचे नशीब, याचा हिशेब ज्याला लावायचा त्याने लावावा.

एक गोष्ट मात्र मला निर्भेळ कौतुकाची वाटते, आणि गंमत म्हणजे तिच्याकडे चाहत्यांचे लक्ष कमी जाते. तो बटलर कोणी निवडलेला खेळाडू नव्हता. वेस्ट ॲलाबामा या लहानशा कॉलेजातून आलेला, मध्यंतरी पॉपाइजच्या दुकानात तळलेली कोंबडी विकलेला. त्याने नंतर सांगितले की सामन्यापूर्वीच्या सरावात हाच डाव त्याच्यावर खेळून दाखवला होता, त्यात तो मागे पडला होता, आणि हे तुला अडवता आले पाहिजे असे कोचने त्याला तिथल्या तिथे बजावले होते. समजा त्या रात्री बटलर घसरून पडला असता, तरी ती शिकवण तितकीच चांगली राहिली असती. आपल्याकडचे उदाहरण हवे तर १९६२ची जकार्ता येथील एशियाई स्पर्धा आठवा. जर्नेलसिंग हा बचावातला गडी. डोक्याला टाके पडलेले. सय्यद अब्दुल रहीम यांनी त्याला आघाडीला खेळवले, आणि कोरियाविरुद्धच्या अंतिम सामन्यात त्याने गोल केला. आपण २–१ने जिंकलो. त्या गोलाचे कौतुक सगळेच करतात. मला रहीमसाहेबांचे वाटते ते आधीच्या वर्षांचे, माणूस आतून ओळखण्याचे.

फळाकडे पाहून अक्कल मापण्याची ही सवय खेळापुरती राहिली असती तर मी कागद खराब केला नसता. तीच सवय नीतीपर्यंत पोचते. २००७च्या सप्टेंबरात बेलिचिकच्या माणसांनी न्यूयॉर्क जेट्सच्या खुणांचे चित्रण मनाई असलेल्या जागेवरून केले असे उघडकीस आले. त्याला पाच लाख डॉलर दंड, संघाला अडीच लाख, शिवाय पुढच्या वर्षीची एक महत्त्वाची निवड रद्द. हरणाऱ्या कोचने हे केले असते तर तो लबाड म्हणून कायमचा गेला असता. जिंकणाऱ्याच्या बाबतीत, सगळेच करतात, हा सापडला एवढेच, असे चाहते म्हणू लागले. काहींना तर त्यात हुशारीच दिसली. पुढे फेब्रुवारी २०१८च्या सुपर बोलमध्ये त्याने त्याच बटलरला बचावात संपूर्ण सामना बसवून ठेवले. पेट्रियट्स ४१–३३ने हरले. समाधानकारक कारण त्याने कधीच दिले नाही. भरवशाचा फलक हाती धरलेल्या माणसाला कारण विचारायचा हक्क राहात नाही, ही त्या थट्टेची खरी किंमत.

आणि आपल्या घरांत? आमच्या पाहण्यातले दोघे गृहस्थ होते. नावे सांगत नाही. दोघांनी सत्तरच्या दशकात अलिबागकडची वाडवडिलांची जमीन विकून मुलांना अमेरिकेस धाडले. रक्कम जवळपास सारखी, सल्ला घेतला तोही त्याच चार माणसांचा. एकाचा मुलगा न्यू जर्सीत लागला, घर झाले, आईबापांना बोलावून घेतले. दुसऱ्याच्या मुलाला डेट्रॉइटकडे मोटारींच्या धंद्यात काम मिळाले आणि थोड्याच वर्षांत त्या धंद्यात मंदी आली. नोकरी गेली, पुढे प्रकृतीही गेली. पहिल्याला लोक दूरदृष्टीचा म्हणत. लग्नकार्यात त्याचा सल्ला घेत. दुसऱ्याबद्दल मागे बोलत, सोन्यासारखी जमीन घालवली. तो बिचारा शेवटपर्यंत स्वतःलाही तसेच समजत राहिला. डेट्रॉइटची मंदी त्याने अलिबागेत बसून कशी ओळखायची होती, हे त्याला कोणी विचारले नाही. ज्यांनी इस्रायल धरले, ज्यांनी मुंबई सोडली नाही, त्यांच्याविषयीही आपण असेच निकाल देत असतो, मुलांच्या पगाराकडे पाहून.

पीट कॅरलचे पुढे काय झाले ते सांगायचे राहिले. हा मनुष्य बेलिचिकच्या आधी तीन वर्षे पेट्रियट्सचाच कोच होता; त्याला काढून त्या जागी बेलिचिकला आणले होते. सिएटलला तिचा पहिला सुपर बोल मिळवून दिला तो यानेच, त्या एका यार्डाच्या अगदी एक वर्ष आधी, ४३–८ असा. त्या रात्री हरल्यावर त्याने निर्णयाची जबाबदारी स्वतःकडे घेतली. कोणावर ढकलली नाही. १० जानेवारी २०२४ रोजी सिएटलने त्याला प्रमुख कोचच्या जागेवरून दूर केले. दुसऱ्याच दिवशी, चार विजय आणि तेरा पराभवांच्या हंगामानंतर, बेलिचिकनेही पेट्रियट्सचा निरोप घेतला. आजही कॅरलचे नाव निघाले की पहिला प्रश्न त्या एका यार्डाचा येतो. तो फेकीचा डाव शंभरांत किती वेळा साधतो, हे विचारणारा मात्र क्वचितच भेटतो.